अर्धा पिन

१

माझ्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी कोळशानं लिहून ठेवलं होतं: हिरेचोर.

सकाळी कुलूप काढायला गेले तर समोर ते. अक्षर केवढं, तर शटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. चौसाळ्याचा भर बाजारातला रस्ता. जाणारा-येणारा वाचत होता आणि मी दिसले की मान खाली घालत होता. शेजारचा सलूनवाला बिचारा फडकं घेऊन पुसायला आला. मी म्हणाले, "राहू दे. हात लावू नको."

"अक्का, हे कावून ठेवायलाव?"

"ज्याचं हे नाव हाय, त्याच्याच हातानं पुसून घेणार हाय मी."

तो फडकं झटकत निघून गेला. बाईचं डोकं फिरलं, असं त्याला वाटलं असेल. वाटू दे.

माझं नाव गंगासागर. हे किराणा दुकान माझं. माझे मालक ईश्वरप्पा, गाव त्यांना अप्पा म्हणतं, नवधारा दूध संघाचे सचिव. त्या साली आमच्याकडं पाऊस झालाच नव्हता. गुरं छावणीत आणि माणसं टँकरच्या वाटेवर. अशात संघाचे चार जण एका योजनेतून इस्रायलला अभ्यासदौऱ्याला गेले. कमी पाण्यात गाई कशा पोसतात ते बघायला. अध्यक्ष मोहनराव, पालीचे मोठे जमीनदार, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. उपाध्यक्ष बद्रीनाथ, आमच्याच गल्लीतले, अप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. संचालक धोंडीराम, वडवणीचे. आणि चौथे अप्पा. वरखर्चाला संघाच्या खात्याचं एटीएम कार्ड सोबत होतं. त्याच्यावर माणसाचं नाव नव्हतं, नुसतं संघाचं नाव. ते सांभाळायचं काम अप्पांचं.

परत येताना मुंबईच्या विमानतळावर अप्पांनी फोनमध्ये आपलं सिमकार्ड घातलं आणि दौराभर अडकून पडलेले बँकेचे मेसेज टणाटण वाजायला लागले. चौघांनी मिळून वाचले. सगळे ओळखीचे निघाले, एक सोडून. तिकडच्या एका हिऱ्याच्या दुकानात या कार्डावरून दोन लाखांच्या वर रुपये गेलेले होते. छावणीतल्या गुरांच्या पेंडीसाठी राखलेले पैसे होते ते.

मोहनराव तिथंच म्हणाले, "अप्पा, कार्ड तुमच्या खिशात होतं. आता तुमीच बोला."

अप्पा काय बोलणार? जीप चौसाळ्यात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. गुरुवारी संघाची खास सभा लावली. ठराव एकच: सचिवाला काढायचं आणि पोलिसात तक्रार द्यायची. बत्तीस वर्षं ज्या माणसानं संघाच्या दुधाचा चहासुद्धा फुकट प्याला नाही, त्याला हातकड्या घालायच्या.

अप्पा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मी मात्र पडून राहणारी नाही. चौघं गेले होते, त्यातले एक माझे मालक. उरले तीन. त्या तिघांतला चोर कोण हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. फक्त सिद्ध करायचं बाकी होतं.

२

माझा दात मोहनरावावर होता.

का, ते सांगते. आमच्या संघात दोन सह्यांशिवाय चेक पास होत नाही. अध्यक्षाची एक, सचिवाची एक. आमच्या सासऱ्यांच्या काळापासूनची रीत आहे ही. कार्ड आलं तेव्हा पंचाईत झाली, कार्डावर दोन सह्या घ्यायच्या कशा? मोहनरावांनी तोडगा काढला. पिनचे आकडे चार. पहिले दोन अध्यक्षाचे, पुढचे दोन सचिवाचे. एकमेकांना सांगायचे नाहीत. तिकडं एटीएमपाशी गेले की आधी मोहनराव आपले दोन दाबायचे आणि तोंड फिरवून बाहेर यायचे. मग अप्पा आत जाऊन आपले दोन दाबायचे आणि रोकड काढून आणायचे. खर्च सगळा रोकडीत. दुकानात हे कार्ड कधी काढायचंच नाही असं ठरलेलं. या तोडग्याचं संघात केवढं कौतुक झालं होतं.

आणि त्यामुळंच गाव एवढं ठामपणे बोलत होतं. कार्ड अप्पाकडं, अर्धा पिन अप्पाकडं, मग उरलेले दोन आकडे त्यानं अध्यक्षाच्या बोटांवरून चोरून बघितले असणार. आता जसे अप्पा बघू शकतात तसे अध्यक्षही बघू शकतात की नाही? पण हे कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. मोठ्या माणसाबद्दल असलं काही सुचतच नाही आमच्या लोकांना. मला सुचत होतं.

मी अप्पांना उठवून बसवलं. त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात घेतलं आणि म्हणाले, "गंगा, मी घेतलं न्हाई."

"मला ते म्हाईत हाय. शपथा घालू नका. कार्ड खिशातून कधी निघालं तेवढं सांगा."

ते म्हणाले, "एकदाच. त्या खाऱ्या समुद्रावर गेलतो तवा. त्याच्यात माणूस बुडत न्हाई, नुसता तरंगतो. मला कुठं पोहता येतंय? पण पाण्यावर पाठ टेकून झोपलतो गं. लई वेळ. सगळ्यांचे कपडे काठावर छत्रीखाली व्हते. बाकीचे येत-जात व्हते, मी काय बाहेर आलो न्हाई."

इकडं आम्ही टँकरच्या एका घागरीत दोघांच्या अंघोळी उरकत होतो, आणि हा माणूस एक दिवस पाण्यावर झोपला तर त्याची ही किंमत. मला असा संताप आला की हातातला तांब्या मी मोरीत आपटला. तांब्याशेजारी काळ्या साबणाची वडी होती, त्याच समुद्राच्या चिखलाची. बद्रीनाथ भाऊजींनी दौऱ्याहून आल्यावर घरोघरी वाटलेली. पाण्याचा पत्ता नाही आणि साबण परदेशी.

हिऱ्याचं दुकान त्याच काठावरचं होतं आणि खरेदी त्याच दिवशीची. म्हणजे कार्ड कधी गेलं ते कळलं. पण पिन?

माझ्या दुकानातल्या कार्डाच्या मशीनला पिन दिल्याशिवाय ते हूं की चूं करत नाही. माझा भाऊ नागप्पा पुण्यात कंपनीत आहे, सारखा बाहेरदेशी जातो. त्याला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, पिनचं काय घेऊन बसलीस? आपल्याकडं विचारतात म्हणून तिकडंबी विचारतील असं न्हाई. कितीतरी दुकानांत कार्ड ओढतात, कागदावर सही घेतात, झालं. सही कुणी जुळवूनबी बघत न्हाई."

फोन ठेवला आणि मी खाली बसले. संघानं पिनचे दोन तुकडे करून कुलूप लावलं होतं, आणि तिकडं दाराला भिंतच नव्हती.

मग मी अप्पांचा फोन हातात घेऊन मेसेज पुन्हा वाचले. एक गोष्ट डोळ्याला खुपली. एटीएमचे सगळे मेसेज तिकडच्या पैशातले, शेकेलमधले. हिऱ्याचा तेवढा एकच रुपयांत.

"हा रुपयांत कावून आला?"

अप्पा ताठ बसले. म्हणाले, "जायच्या आधी बीडला बँकेच्या मॅनेजरनं आमाला बसवून शिकवलं व्हतं. तिकडं मशीन विचारतं, रुपयांत घेऊ का इथल्या पैशात. रुपये म्हणायचं न्हाई. रुपये म्हणलं की ते त्यांच्या मनानं भाव लावतेत आन् जास्तीचे कापतेत. मी दर वेळेला तिकडचेच दाबले."

"मग हिरा घेणारानं रुपये दाबले."

"दाबलेत खरं."

"शिकायला कोण कोण व्हतं?"

"आमी चौघंबी व्हतो," अप्पा म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडं वळले.

चौघंही शिकलेले आणि तरी एकजण चुकला. मी ठरवलं, तिघांकडं जायचं आणि तिघांना हाच एक प्रश्न विचारायचा. पहिला नंबर मोहनरावांचा.

३

पालीला गेले. बिंदुसरेचं धरण भेगाळून पडलेलं, तळात पोरं क्रिकेट खेळत होती. मोहनराव ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसलेले. आजूबाजूला दोन-चार माणसं हुजरेगिरीला होतीच.

"ये बाई, बस," ते म्हणाले. "पण सभेत मला काय करता येणार न्हाई, आधीच सांगून ठेवतो."

"मी करा म्हणायला आलेच न्हाई. एक विचारायला आले. तिकडं मशीन विचारतं म्हणे, रुपये का तिकडचा पैसा. तुमी काय म्हणला असता?"

मोहनराव मोठ्यानं हसले. "तिकडचा. त्या मॅनेजरला मीच म्हणलो व्हतो, साहेब, आपल्या रुपयाला इथं तालुक्यात कुणी पुसंना, तिकडं कावून दाखवायचा? सगळे हसले व्हते. इचार धोंडीरामला."

चोर माणूस इतक्या सहज हसतो का? मला ते आवडलं नाही. मी खोदून विचारलं, "अण्णा, त्या दिवशी पाण्यातून बाहेर येऊन तुमी कुठं गेलता?"

हसू थांबलं. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली आणि माझ्याकडं नीट बघितलं. "तुला काय म्हणायचंय ते कळलं मला. मला हिरा घ्यायचा असता, तर माझी स्वतःची तीन कार्डं व्हती खिशात. पेंडीच्या पैशाला मी हात लावंल? पाच वर्षांनी मत मागायला जायचंय मला त्याच लोकांच्या दारात."

हे मात्र पटलं. चांगुलपणावर माझा विश्वास बसला नसता, मतांवर बसला.

निघताना त्यांच्या मंडळी विमलबाईंनी आत बोलावलं, चहा दिला. फळीवर तोच काळा साबण. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी नुसता खजूर आणला. हा साबण बद्रीनाथचा. मोठ्या मनाचा माणूस, सगळ्यांसाठी आपल्या स्वतःच्या कार्डावर घेतला म्हणे, समुद्रावर जायच्या आदल्या दिवशी."

मी चहा प्याले आणि निघाले. खरं सांगते, मी हिरमुसले होते. मला चोर मोहनरावच हवा होता. त्याला सभेत उभा करून सोलायचं मी मनात किती वेळा घोकलं होतं.

४

वडवणीचा बाजार भरला होता, पण बाजाराला कळा नव्हती. धोंडीराम छावणीच्या तंबूत चाऱ्याच्या पेंढ्या मोजून देत होते. मला बघून बाजूला आले, डोक्याची टोपी काढून हातात घेतली.

"अक्का, मला अप्पाचं लई वाईट वाटतंय. पण मी काय बोलू? मला त्यातलं काय कळत न्हाई. माझ्यापाशी असलं कार्डबी न्हाई."

शेजारी बायनाबाई नावाची म्हातारी आपली म्हैस घेऊन उभी होती. म्हशीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मी कोण हे कळताच ती माझ्या पायापाशी थुंकली. "हिरेवालीला इथं काय काम हाय? पेंड खायला आलीस का आमच्या गुरांची?"

मी तिला काही म्हणाले नाही. तिचा राग बरोबर होता, फक्त पत्ता चुकला होता. तो राग मी पदराला बांधून घेतला. योग्य दारात सोडायचा म्हणून.

धोंडीरामना तोच प्रश्न विचारला. ते लगेच म्हणाले, "तिकडचाच पैसा. मॅनेजरनं आमच्याकडून पाठ करून घेतलं की. शाळेतल्या पोरांवानी तिघं एका सुरात म्हणलो, रुपये न्हाई, रुपये न्हाई. अप्पाबी व्हते, अण्णाबी."

"तिघं? तुमी तर चौघं गेलता."

"गेलतो चौघंच. पण मधीच बद्रीनाथला फोन आला, गल्लीत टँकर आलाय आन् भांडणं लागलेत. टँकर म्हणल्यावर कोण थांबतंय? पळत गेला. परत आला तवर मॅनेजरचं सांगून झालतं, चहा आलता."

बाजाराचा गलका एकदम लांब गेला. तो टँकर मला आठवत होता. भांडण सोडवून भाऊजींनी स्वतः दोन घागरी माझ्या दारात आणून ठेवल्या होत्या. मी त्यांना म्हणाले होते, सख्खा भाऊ करणार नाही एवढं करता तुम्ही.

५

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ आपण होऊनच आले. रोजच यायचे ते. अप्पांच्या उशाशी बसायचे, माझा चहा प्यायचे, उसासे टाकायचे. त्या दिवशी हातात लेकीच्या साखरपुड्याची पत्रिका होती.

"बुधवारी हाय, वहिनी. तुमी दोघं आल्याशिवाय मी पोरीला पाटावर बसू देणार न्हाई." मग आवाज खाली आणला. "आन् गुरुवारचं ऐका माझं. अप्पाला म्हणावं, चूक झाली म्हणून टाक. पैसे भरून टाकू. निम्मे मी देतो. पोलिसाचं मी मिटवतो. किती केलं तरी दोस्त हाय माझा."

आठ दिवसांपूर्वी याच बोलण्यावर मला रडू आलं असतं. आता मी तराजूतला गूळ नीट करत म्हणाले, "बघू. भाऊजी, एक सांगा. माझ्या भावाला दुबईला जायचंय. तिकडं मशीन विचारतं म्हणे, रुपये का तिकडचा पैसा. काय सांगू त्याला?"

"रुपये," ते पटकन म्हणाले. "डोळे झाकून रुपये म्हणायचं. किती गेले ते कळतं तरी. मी साबण घेतला तवा रुपयेच दाबले."

"आन् पिन?"

"पिन विचारलाच न्हाई वहिनी, नवल वाटलं मला बी. सही केली आन्..."

बोलता बोलता ते थांबले. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल का, माहीत नाही. मी मान वर केली नव्हती. "असं होय," मी म्हणाले आणि गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला. जाताना शटरकडं बघून म्हणाले, "हे कोळशाचं कावून पुसलं न्हाई अजून? बघवत न्हाई मला."

"पुसायचंय," मी म्हणाले. "बुधवार होऊ द्या."

रात्री मी अप्पांना सगळं सांगितलं. ते ऐकतच नव्हते. "बद्रीनाथ? न्हाई गंगा. कुणीबी असंल, पण बद्रीनाथ न्हाई. तू माणसाला एका शब्दावरून चोर ठरवायलीस."

"मग चला बुधवारी. त्या शब्दाचा हिरा कुणाच्या बोटात निघतो ते बघू."

६

साखरपुडा बेताचाच होता. पाणी विकत, मांडव छोटा, पन्नासेक पानं. पण नवऱ्यामुलाच्या बोटात अंगठी सरकली तशी बायकांत कुजबुज उठली. मधोमध हिरा, हरभऱ्याएवढा. छबुबाई, बद्रीनाथची मंडळी, सगळ्यांना सांगत होती, व्याह्यांनी हिराच पाहिजे म्हणून धरलं होतं, आमच्या ह्यांनी सोनं मोडून आणला.

अप्पांनी अंगठी बघितली. मग पानावरून उठले, हात धुतले आणि कुणाशी न बोलता घरी गेले. आठ दिवस त्यांना गाव चोर म्हणत होतं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

माझ्यात मात्र तेव्हा दुसरंच काही पेटलं होतं. मांडवाच्या मध्ये उभं राहून ओरडावं, अंगठी उपसून घ्यावी, व्याह्यांसमोर या माणसाला उघडा करावा. जिभेवर आलं होतं. पण पाटावर बसलेल्या पोरीनं काय केलं होतं? मी पंगतीला बसून राहिले. बद्रीनाथ स्वतः जिलेबी वाढत आले.

"वहिनी, अप्पा कुठं गेला?"

"खाली वाक," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरेतुरे केलं. ते वाकले. माझा आवाज शेजारणीला ऐकू गेला नसेल, इतका हळू होता.

"मॅनेजर शिकवत व्हता तवा तू टँकरवर गेलतास. म्हणून दौऱ्यावर रुपये म्हणणारा तू एकटा. साबण घेताना पिन लागत न्हाई हे तुला कळलं. बाकीचे दोघं, एकापाशी कार्ड न्हाई आन् एक रुपये म्हणणारच न्हाई. दुसऱ्या दिवशी अप्पा पाण्यावर झोपलता आन् त्याचा सदरा छत्रीखाली व्हता. आता बोटातला हिरा मी बघितला. चुकतंय का काही माझं?"

जिलेबीचं ताट कलंडलं. मी हातानं धरलं.

"मला वाटलं अण्णावर जाईल," तो पुटपुटला. "अर्धा पिन अण्णाचा. अण्णाला कोण इचारणार? आपोआप मिटंल वाटलं. पोरीची सोयरीक मोडायला लागलती वहिनी."

"आन् अप्पावर गेलं तवा?"

त्यानं ताटातली जिलेबी उगीच सरळ केली.

"तवा तू रोज येऊन माझा चहा पिलास. त्याला चूक कबूल कर म्हणलास."

"लगीन होऊ द्या. पाया पडतो. मग म्हणाल ते करतो."

"उद्या. सभेत, माईकवर, तुझ्या तोंडानं. न्हाई बोललास तरी मी बोलणार. त्या दुकानात तुझ्या सहीचा कागद हाय, बँकेनं मागवला की येतो. मग पोलीस तुझ्या जावयाचं बोट धरतील. पोरीला कसं वाचवायचं ते तू ठरव."

मी जिलेबी खाल्ली. सगळी. पान स्वच्छ करून उठले.

७

गुरुवारी संघाच्या आवारात माणूस मावत नव्हतं. छावण्यांवरून लोक टेम्पो भरून आले होते. मोहनराव ठराव वाचायला उठले तेवढ्यात बद्रीनाथ उभा राहिला आणि माईक मागितला. अंगठी रुमालात होती. ती त्यानं टेबलावर ठेवली आणि बोलला. मध्ये दोनदा आवाज बसला. कुणी पाणी दिलं नाही.

लोक उठले, खुर्च्या सरकल्या. मोहनरावांनी आडवे हात केले नसते तर त्या दिवशी बद्रीनाथची हाडं मोडली असती. मी उभी राहून म्हणाले, "कुणी हात लावायचा न्हाई. मला तो धडधाकट पाहिजे. माझ्या मालकाचं नाव जिथं जिथं चोर म्हणून घेतलं, तिथं तिथं त्यानं आपल्या पायानं जाऊन आपलं नाव सांगायचं. प्रत्येक छावणीवर. मी जीपमध्ये बसून ऐकणार."

सभेनं ते मान्य केलं. पोलिसात तक्रारही झाली, ती वेगळी.

गेले मी प्रत्येक छावणीवर. जीपच्या पुढच्या सीटवर बसून. काच खाली करून. वडवणीला बायनाबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. तिची म्हैस तोवर गेलेली होती. ती म्हणाली, "माझ्या म्हशीच्या तोंडातलं काढून जावयाच्या बोटात घातलंस व्हय रे," आणि रिकामं दावं त्याच्या हातात दिलं. तो ते घेऊन जीपमध्ये मागे बसला. मला दया आली का? नाही आली. खोटं कशाला सांगू.

सभेच्या आदल्या रात्री बद्रीनाथनं जाऊन खरं सांगितलं तशी व्याह्यांनी अंगठी आपण होऊन परत दिली होती, सोयरीक मात्र मोडली नाही. पोरीच्या बाबतीत तेवढं देवानं बघितलं.

शेवटी माझं शटर राहिलं. बद्रीनाथ बादलीत पाणी घेऊन आला. मी बादली उचलून आत ठेवली. "पाणी यासाठी न्हाई. कोरडं पूस." त्यानं खांद्यावरच्या उपरण्यानं घासलं. कोळसा सगळा निघाला नाही, निळ्या रंगात करडा डाग राहिला. उपरणं काळं झालं. बाजार उभा राहून बघत होता आणि आता माझ्यासमोर कुणी मान खाली घालत नव्हतं.

अप्पा पुन्हा संघात जायला लागले. लोक त्यांना रस्त्यात थांबवून हात जोडत होते. तेही सगळ्यांना हात जोडत होते, त्यांचा स्वभावच तसा.

महिनाभरानं बद्रीनाथ आमच्या दारात आला. जामिनावर सुटलेला, दाढी वाढलेली. उंबऱ्याच्या बाहेर पायरीवर बसला. अप्पा बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसले. मग अप्पा उठून आत आले, डोळे पुसत.

"गंगा, मी त्याला माफ केलं. शाळेत एका डब्यात जेवलोय आमी. तूबी सोड आता. त्याला आत बोलाव, चहा टाक."

मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुमचे दोन आकडे तुमी दाबले. माझे दोन माझ्यापाशी हायत."

अप्पांनी स्वतःच चहाच्या डब्याकडं हात नेला.

"तुमच्याच संघाची रीत हाय," मी म्हणाले. "दोघांनी दाबल्याशिवाय उघडत न्हाई. जा, त्याला सांगा तसं."

ते बाहेर गेले. मी चुलीवर चहाचं आधण ठेवलं, दोनच कपांचं.